फोटोतलं नाक

परदेशात शिकून येऊन रामदासपेठेत नुकतं प्लास्टिक सर्जरीचं क्लिनिक उघडलं होतं, तेव्हाची गोष्ट सांगतो. नरखेडकडचे एक काका लेकीला घेऊन आले. "डॉक्टर, हिचं नाक या फोटोसारखं करून द्या."

फोटो तिचाच होता. स्टुडिओवाल्याने न विचारताच नाकावरचा उंचवटा पुसला होता आणि तोच फोटो मुलाकडच्यांना पसंत पडला होता.

मी उत्साहाने सांगू लागलो, "आता उंचवटा वरून घासत नाहीत. खालून हाडाची पट्टी काढून नाकाचा कणा अख्खा खाली बसवतात. मूळचं जपायचं."

लेक पहिल्यांदाच बोलली, "बाबा, मूळचंच जपाचं, तं फोटोच दुसरा पाठवू ना."

"अन् त्यायले पसंत नाही पडला तं?"

"तं आताच समजून जाईन ना. टाके पडाच्या आधी."