एकोणतिसाव्या दिवशी तुटणारी जोडणी

आजच्या समारंभाचे अध्यक्ष आणि काजूसखी यंत्र उद्योगाचे संचालक माननीय राजवर्धन साहेब, आजऱ्याहून खास आलेल्या प्रमुख पाहुण्या शालूबाई, चौतीस वर्षांच्या सेवेनंतर आज निवृत्त होणारे आपल्या डिस्पॅच विभागाचे प्रमुख लालासाब मुल्लाणी, म्हणजे आपले लालासाब चाचा, त्यांच्या शेजारी बसलेल्या बिबीजान चाची, आणि समोरच्या माझ्या सर्व सहकाऱ्यांनो, नमस्कार.

मी संघप्रिया. कारखान्यातले संगणक आणि त्यावर जे जे चालतं, ते माझ्याकडे आहे. मला इथे दोन वर्षं चार महिने झाले. चौतीस वर्षांबद्दल बोलायला हा अनुभव अपुरा आहे, हे मला कळतं. संयोजकांनी पाच मिनिटं दिली आहेत. थोडी जास्त लागतील. मी लिहून आणलं आहे, कारण यातला एकही शब्द इकडचा तिकडे व्हायला नको आहे.

चाचांचे गुण माझ्याआधीच्या वक्त्यांनी सांगितले. फोनवरचा आवाज ऐकून ते गिऱ्हाइकाचं गाव सांगतात. खोक्याची दोरी स्वतः ओढून बघितल्याशिवाय गाडी फाटकाबाहेर सोडत नाहीत. हे सगळं खरं आहे. मला मात्र चाचा आधी वेगळ्या कारणासाठी नीट बघावे लागले. मला त्यांचा संशय होता.

सभागृहात थोडी चुळबुळ झाली. अपेक्षित होती.

संशय घेणं हा माझ्या कामाचाच भाग आहे. एखादी गोष्ट बंद पडली की ती आपोआप बंद पडली, हे उत्तर मी घेत नाही. यंदा मे महिन्यात आपण ग्राहकांच्या नोंदींचं नवं सॉफ्टवेअर घेतलं. काजू फोडायचं यंत्र घेतलेला माणूस आपल्याला ईमेल पाठवतो. सगळे ईमेल कारखान्याच्या एकाच इनबॉक्समध्ये येतात. सॉफ्टवेअर ते तिथून उचलतं आणि ग्राहक विभागातल्या मेहकच्या पडद्यावर मांडतं: तक्रार कोणाची, यंत्र कुठलं, उत्तर गेलं की नाही. त्यासाठी सॉफ्टवेअरला इनबॉक्स उघडायची परवानगी एकदा द्यावी लागते. तीच ही जोडणी, आणि ती तुटत होती.

पहिल्यांदा तुटली तेव्हा मी इंटरनेटला दोष दिला. दुसऱ्यांदा ईमेल सेवा देणाऱ्या कंपनीला. तिसऱ्यांदा मी तारखा मांडल्या. सव्वीस मे, पंचवीस जून, चोवीस जुलै. कधी तीस दिवसांनी, कधी एकोणतीस. सॉफ्टवेअरवाल्यांना विचारलं, तर फोनवरचा मनुष्य म्हणाला, "मॅडम, परवानगीची मुदत तीस दिवसांची असेल." मी म्हटलं, तीस दिवसांची मुदत एकोणतिसाव्या दिवशी कशी संपते? त्यानं मला होल्डवर ठेवलं. तिथे अठरा मिनिटं बासरी ऐकली.

एरवी मेहक दुसऱ्या दिवशी सकाळी ओरडायची, "ताई, आजबी पत्रं आली न्हाईत बघ," आणि मी परवानगी पुन्हा द्यायचे. जुलैमध्ये मेहक भावाच्या लग्नासाठी गडमुडशिंगीला गेली होती. रीतसर रजा होती. चार दिवस कुणाच्या लक्षात आलं नाही. मी पुन्हा जोडणी केली, तेव्हा सॉफ्टवेअरनं त्या क्षणापासून पुढचे ईमेल उचलले. मधले चार दिवस मागेच राहिले.

त्या चार दिवसांत शालूबाईंचा ईमेल होता. त्यांच्या महिला गटातल्या यंत्राच्या पात्यावरची जाळी निसटली होती. शालूबाईंनी यंत्र बंद केलं आणि आपल्या उत्तराची वाट बघितली. बारा बायका आठ दिवस कामाशिवाय बसल्या. आठव्या दिवशी शालूबाईंनी साहेबांना थेट फोन केला. त्यांनी मला परवानगी दिली आहे, म्हणून त्यांचे शब्द जसेच्या तसे सांगते. "पावणं, बाईचं बोट तुटल्यावर उत्तर देणार व्हय तुम्ही?"

साहेबांनी मेहककडे लेखी खुलासा मागितला. मेहक तेव्हा कायम झालेली नव्हती. मला सांगितलं, तीन दिवसांत अहवाल द्या.

मी इनबॉक्सच्या सुरक्षेची नोंद उघडली. चोवीस जुलै, संध्याकाळी पाच वाजून दहा मिनिटं. 'सगळ्या ठिकाणांहून बाहेर पडा' हे बटण दाबलेलं. ते दाबलं की प्रत्येकाची परवानगी रद्द होते, सॉफ्टवेअरचीसुद्धा. आणि संगणक कुठला? डिस्पॅचचा. त्या संगणकावर एकच मनुष्य बसतो.

मग मला सगळंच दिसायला लागलं. चाचांना नवं सॉफ्टवेअर आवडत नव्हतं, हे ते लपवत नसत. "आमचं रजिस्टर कधी लॉगआऊट झालं न्हाय," असं माझ्यासमोर म्हणाले होते. दर महिन्यात एका संध्याकाळी ते सगळ्यांना लवकर घालवून एकटे मागे थांबत. आणि त्यांच्या कीबोर्डच्या बटणांखाली मला पिवळे डाग सापडले होते. देखभालीच्या वहीत मी लिहिलं होतं: पिवळे डाग, कारण बहुधा मिसळ.

मेहक, हसू नकोस. तो शेरा तुझ्यासमोरच लिहिला होता.

चार ऑगस्टला मी दोन पानांचा अहवाल दिला. पहिल्या पानावर मेहक निर्दोष असल्याचं लिहिलं. दुसऱ्या पानावर लिहिलं की, लालासाब मुल्लाणी यांच्या संगणकावरून जोडणी हेतुपुरस्सर तोडण्यात येते. बटण दाबलं गेलं, याचा पुरावा माझ्याकडे होता. हेतूचा नव्हता. तरीही तो शब्द मी लिहिला आणि सही केली.

मेहक कायम झाली. चाचांना निवृत्तीनंतर दोन वर्षं सल्लागार म्हणून ठेवायचं ठरत होतं, ते या सभागृहात बऱ्याच जणांना माहीत आहे. चार ऑगस्टनंतर तो विषय निघाला नाही.

आता मला चाचांना प्रत्यक्ष पकडायचं होतं. हिशेबानं पुढची तारीख बावीस किंवा तेवीस ऑगस्ट येत होती. दोन्ही दिवस पावणेपाचला मी काहीतरी निमित्त काढून डिस्पॅचमध्ये जाऊन बसले. बावीसला काही झालं नाही. तेवीसला चाचा आत आले. हातात ताटली, ताटलीत हळद, झेंडूची दोन फुलं, फडकं. माझ्याकडे बघून ते दचकले नाहीत.

"बसा की म्याडम. चा सांगू?"

वजनकाटा बंद करून पुसला, त्याला हळद लावली. पट्ट्या आवळायचं यंत्र बंद केलं, पुसलं, हळद लावली. मग संगणकापाशी आले. इनबॉक्स उघडला आणि माझ्या डोळ्यांदेखत ते बटण दाबलं. संगणक बंद केला. कीबोर्डवर हळदीचं बोट टेकवून फूल ठेवलं.

मी विचारलं, "चाचा, हे तुम्ही का करता?"

"अवो, आमुशा न्हवं का आज? कारखाना काढला तवापास्नं थोरल्या साहेबांचा हुकूम हाय. आमुशेला कारखान्यात एकबी मशीन चालू ऱ्हायाचं न्हाय. त्यास्नी इसावा द्यायचा. खाली शॉपमधी बाकीची पोरं करत्यात. वरचं माझ्याकडं."

"संगणकसुद्धा?"

"मग ते मशीन न्हाय व्हय? पयला कॉम्प्युटर आला, तवा थोरल्या साहेबांनी सोता हार घातलाय त्याला. तुमच्या आदी जो पोरगा हुता, तो म्हणाला, चाचा, नुसता बंद करून मेल बंद हुत न्हाय, पुरता इसावा पायजे तर ह्ये बटन दाबा. तवाधरनं दाबतोय."

"नव्या सॉफ्टवेअरची जोडणी त्यानं तुटते, हे तुम्हाला ठाऊक नव्हतं?"

"मला कुनी सांगितलं? तुम्ही समद्यास्नी शिकवलासा, चार दिवस. मला म्हणालासा, चाचा, तुम्हाला काय गरज न्हाय त्याची, तुमचं थोडंच ऱ्हायलंय."

मी तसं म्हणाले होते. तारीखसुद्धा माझ्याकडे आहे.

वरच्या मजल्यावर मी दोन वर्षं चार महिने बसते आहे. खाली दर अमावस्येला यंत्रं थांबतात, हे मला माहीत होतं. तारखा मांडताना भिंतीवरच्या कॅलेंडरकडे मी एकदाही बघितलं नाही. आणि चाचांना विचारलं असतं, तर त्यांनी पहिल्याच दिवशी सांगितलं असतं. ज्याच्यावर संशय आहे, त्याला आधी विचारायचं नाही, असं मी ठरवून टाकलं होतं. चाचांनी बटण लपूनछपून कधी दाबलंच नाही. मी बघायला गेले नव्हते, इतकंच.

इथे थांबता आलं असतं. पण चाचांवर विश्वास बसल्यावर एक संशय उरला, तो सांगायचा आहे. जोडणी तुटली, की सॉफ्टवेअर ताबडतोब एक इशारा पाठवतं. मग जुलैचे चार दिवस कुणालाच का कळलं नाही? त्याच संध्याकाळी मी तपासलं. इशारे दर वेळी वेळेवर गेले होते. ते कुठे पाठवायचे, तो पत्ता मी स्वतः भरला होता, आणि मी कारखान्याच्या त्याच इनबॉक्सचा पत्ता भरला होता. जोडणी तुटल्यामुळे जो इनबॉक्स कुणाला दिसत नव्हता, त्यातच ती तुटल्याची खबर पडून होती. शालूबाईंच्या ईमेलच्या अगदी खाली.

पुरवणी अहवाल मी तेवीस ऑगस्टच्या रात्री लिहिला आणि आज सकाळी साहेबांना दिला. मधले पाच आठवडे तो माझ्या ड्रॉवरमध्ये होता. का, असं कुणी विचारलेलं नाही, तरी सांगते. माझ्या चुकीला दुसरं एखादं स्पष्टीकरण सापडेल, म्हणून मी शोधत होते. सापडलं नाही. साहेबांनी सकाळी तो कागद वाचला, घडी घातली आणि खिशात ठेवला. अजून काही बोललेले नाहीत. म्हणून त्यातली दोन वाक्यं इथे, सगळ्यांसमोर वाचते. एक: हेतुपुरस्सर हा शब्द मी मागे घेत आहे, त्याला आधार नव्हता. दोन: शालूबाईंच्या गटाचे आठ दिवस वाया गेले, त्याची जबाबदारी लालासाब मुल्लाणी किंवा मेहक यांची नसून माझी आहे. सल्लागाराचा निर्णय साहेबांचा आहे. तो घेताना त्यांच्यासमोर पहिला अहवाल नसावा, एवढंच माझं म्हणणं आहे.

समारंभासाठी हे सभागृह उपलब्ध करून दिल्याबद्दल कसबा बावड्यातल्या मंडळाचे, आजऱ्याहून वेळ काढून आल्याबद्दल शालूबाईंचे, आणि माझं लांबलेलं बोलणं ऐकून घेतल्याबद्दल आपल्या सर्वांचे आभार.

शेवटी, बोलण्यात काही कमीजास्त झालं असल्यास क्षमा करावी, असं म्हणायची पद्धत आहे. या भाषणात काही कमीजास्त नाही, मी दोनदा तपासलं आहे. चूक चार ऑगस्टच्या कागदावर दुसऱ्या पानावर आहे आणि तिच्याखाली माझी सही आहे. लालासाब चाचा, तिच्यासाठी मी तुमची आणि चाचींची क्षमा मागते. ती आजच द्यावी, असं नाही. द्यावीच, असंही नाही.

मी रजा घेते.