पुढच्या सीटची मॅट

मुलगा : पण वस्ताद, गाडी फार मऊ नाही आणि फार कडकही नाही, असं मधलं काहीतरी असेलच की!

वस्ताद : असतं ना. त्याला पलंग म्हणतात. फक्त त्याला चाकं नसतात.

मुलगा : कामावरची पाळी संपवून सरळ इकडे आलोय. थट्टा सोसायचीही ताकद नाही.

आई : करू दे रे त्यांना. सकाळपासून तेवढंच एक बरं ऐकलं.

वस्ताद : ताई, तुम्ही गाडीतच बसून? उतरा की, चहा सांगतो.

आई : उतरले की परत चढावं लागतं. पाठीचं ऑपरेशन झालंय माझं. तुम्ही खाली तुमचं काम करा, मी इथूनच ऐकते.

वस्ताद : बरं. राजा, या स्प्रिंगा कुणी बसवल्या?

मुलगा : नाक्यावरच्या दुकानदाराने. कडक स्प्रिंगा, कडक शॉकअप, गाडी दोन बोटं खाली. म्हणाला, आता रस्त्याला चिकटून चालेल.

आई : चिकटते तर! रस्त्यावरचा खडान् खडा येऊन माझ्या मणक्याला चिकटतो.

वस्ताद : अशी एक गाडी माझ्याही हातून झाली होती. मालकाला शर्यतीचं वेड. इतकी कडक केली, की रस्त्यात पडलेल्या नाण्यावरून गेली, तर वर छापा आहे की काटा, ते गड्याला बसल्या जागी कळायचं. पैजा मारायचा त्यावर.

मुलगा : काहीही!

वस्ताद : पुढे दात खिळखिळे झाले बिचाऱ्याचे. मग बायको आली, म्हणाली मऊ करा. केली. ब्रेक मारला की बॉनेट रस्त्याला दंडवत घालायचं. एका सिग्नलला थांबली, तर पुढचा सिग्नल येईपर्यंत आपली डुलतेच आहे. मागे तान्हं पोर झोपलं होतं, ते उठलं तेव्हा त्याला मिसरूड फुटलं होतं.

आई : तसली झोप मला द्या हो कुणीतरी.

वस्ताद : देऊ. बघू.

आई : नका बघू. उगाच कष्ट तुमचे. आजची माझी शेवटची खेप. उद्या मी थोरल्या लेकीकडे राहायला जाते. तिच्या दारातच दवाखाना आहे. व्यायामाला चालत जाईन.

मुलगा : आई, पुन्हा तेच? थोरलीकडे तुला दोन दिवस करमत नाही.

आई : करमायचं काय घेऊन बसलास? व्यायाम चुकला तर पाय लुळा पडेल म्हणालाय डॉक्टर. आणि व्यायामाने जेवढी पाठ सुटते, तेवढी तुझ्या गाडीत परत धरते. ही वजाबाकी किती दिवस चालवू?

वस्ताद : आई मागे बसते हे ठाऊक असून तू गाडी एवढी कडक केलीस?

मुलगा : तिच्यासाठीच केली.

आई : माझ्यासाठी?

मुलगा : घर टेकडीवर, दवाखाना खाली, मध्ये सगळी वळणं. आधी ही होडीसारखी कलायची. त्या दिवशी समोरून ट्रक आला, मी गाडी बाजूला काढली, ती एकदा झुलली ती झुलतच राहिली. चाक कठड्याला घासलं. मागे आईचं डोकं काचेवर आपटलं. तो आवाज अजून जात नाही कानातून.

आई : हे बोलला नाहीस कधी. मला वाटलं, तुला जोरात हाणायची हौस आलीय.

मुलगा : हौस? डबल पाळ्या करून?

वस्ताद : चल, मागे बस आईशेजारी. माझ्या गॅरेजची रीत आहे, ज्याची गाडी त्याने मागे बसायचं, चालवणार मी. पुढे बसून प्रत्येकाला आपली गाडी चांगलीच वाटते.

मुलगा : आत्ता?

वस्ताद : नाही, मुहूर्त काढतो! बस. दार ओढ. हं. आता तो बोळ घेतो, खड्ड्यांचा.

मुलगा : जरा हळू घ्या, तिला… आई गं!

आई : मी नाही हं ओरडले.

वस्ताद : अजून एक येतोय.

मुलगा : आई गं! बास. बास, वस्ताद. कळलं.

आई : रोज असंच असतं. मी ओरडत नाही एवढंच.

वस्ताद : आता दुसरं विचारतो. माझ्या शेजारच्या या सीटपुढे ब्रेक नाही, क्लच नाही. मग इथल्या मॅटला भोक कसं पडलं?

आई : ते माझं काम.

वस्ताद : तुमचं?

आई : शाळेची व्हॅन चालवायचे मी. एका पोराच्या बाटलीतलं पाणी हिंदकळू दिलं नाही कधी. हा चालवायला लागला, तशी शेजारी बसून माझा पाय आपोआप दाबला जायचा. तोंडही चालायचं. हळू घे, वळण आलं, डावी धर. एक दिवस हा म्हणाला, एक तर तू चालव, नाहीतर मागे बस. पाठ चालवू देते का? बसले मागे.

मुलगा : दमलो होतो गं तेव्हा.

आई : मी कुठे काय म्हणतेय? दमलेलाच असतोस.

वस्ताद : अरे शहाण्या, बसच्या शेवटच्या बाकावर बसलायस ना कधी? काय उडतो माणूस! यांना तू नेमकं मागच्या चाकाच्या डोक्यावर नेऊन बसवलंस. पुढची सीट चाकांच्या मध्ये येते, तिथे दणका निम्मा.

मुलगा : म्हणजे नुसती सीट बदलायची?

वस्ताद : मग मी काय इथे माश्या मारू? गॅरेजला चल, पोटाखाली बघतो… हे बघ. हा आडवा बार दिसतो? दोन चाकांचं लग्न लावलेलं असतं याने. वळणावर एक बाजू उठायला लागली की दुसरी तिला खाली ओढते. त्याची एक कडी तुटलीय, रबरं विरघळलीत. म्हणून होडी झाली होती. आजार म्हशीला आणि औषध पखालीला! जुन्या स्प्रिंगा भंगारात घातल्यास?

मुलगा : डिकीत आहेत. टाकवेनात.

वस्ताद : आळशी माणसाचं असं भलं होतं. त्याच परत घालू. शॉकअप नवे राहू देत, खाली कडक-मऊ करायची फिरकी आहे त्यांना, त्या दुकानदाराने पार आवळून ठेवलीय. अर्ध्यावर आणतो. कड्या नव्या. चाकांत हवा दगडासारखी भरलीय, ती कमी करतो. पण आधीच सांगतो, दोन्ही सुखं एका गाडीत मिळत नाहीत. वळणावर थोडी कलेल, तिथे तू वेग सोडायचा. खड्डा थोडा लागेल, तो ताईंनी सोसायचा.

आई : थोडा सोसेन. माणसाचे शॉकअप बदलत नाही का हो तुम्ही?

वस्ताद : बदलत असतो तर आधी माझे गुडघे बदलले नसते?

(संध्याकाळ. गाडी जॅकवरून उतरून गॅरेजच्या दारात उभी आहे.)

वस्ताद : घ्या. बोळातून दोनदा फिरवून आणली. दुसऱ्यांदा फिरकी अजून थोडी सैल केली, पहिल्यांदा माझं मलाच पटलं नाही.

मुलगा : आई, तिकडे कुठे निघालीस?

आई : मागे. सवय झालीय आता.

मुलगा : पुढे बस.

आई : पाय गप्प राहणार नाही माझा.

मुलगा : नाही राहिला तर नाही.

वस्ताद : मॅट नवी टाकू का?

आई : नको. त्या भोकात टाच बरोबर बसते.

मुलगा : येतो वस्ताद.

वस्ताद : ये. आणि नाण्यावरून गेलास तर सांग, छापा की काटा. कळलं, तर परत घेऊन ये.

(गाडी टेकडीच्या रस्त्याला लागते.)

आई : डोकं भारी आहे म्हाताऱ्याचं.

मुलगा : निम्मं खोटं बोलतो.

आई : राहिलेलं निम्मं गाडीत घातलं की त्याने… कशी वाटतेय?

मुलगा : कलते थोडी. पण धरून आहे. तुला?

आई : खड्डे कळतायत. पण बोलता येतंय.

मुलगा : थोरलीला काय कळवू?

आई : कळव, रविवारी येते म्हणून. भेटायला.

मुलगा : बरं… आई, वळण आलं.

आई : दिसतंय मला.

मुलगा : मग बोल की.

आई : हळू घे.