शिल्लक रजा

सांगा बरं मंडळी, सुखी कोण? सरकारी नोकर, का कंपनीतला?

हळू, हळू! मंडप पडेल! डाव्या बाजूला सगळे सरकारी बसलेत वाटतं. बरोबरच आहे, पंखा तिकडेच आहे! आणि आमचे मृदंगवाले बघा कसे हसतायत! यांना ना पेन्शन, ना पॅकेज. नारळ आणि उपरणं!

तर मंडळी, हा प्रश्न आपण सोनाबाईला विचारू. ऐका!

सोनाबाई चिंचोलीची. नवरा लवकर गेला. बाजारात भाजी विकून तिनं दोन पोरं वाढवली. थोरला त्र्यंबक पाटबंधारे खात्यात चिकटला, धाकटा उमाकांत पुण्यात कंपनीत. दोघं एका ताटात जेवलेले! पण आता दिवाळीला एकत्र बसले, की फराळ राहतो बाजूला.

"तुम्हा सरकारी लोकांचं बरंय, दादा. महागाई वाढली की तुमचा भत्ता वाढतो. आमच्याकडे महागाई वाढली की माणसं कमी करतात!"

"आणि तुझं पॅकेज रे? सख्ख्या भावाला आकडा सांगत नाहीस, एवढं मोठंय!"

म्हणजे बघा हं! सरकारी माणसाला कंपनीचा पगार पाहिजे, आणि कंपनीतल्याला सरकारी खुर्ची! देवानं अदलाबदल करून दिली असती ना, तरी पुढच्या दिवाळीला दोघं पुन्हा रडायला हजर!

सोनाबाई चकल्या तळत ऐकायची. तिला कौतुक वाटायचं हो! पोरं किती मोठंमोठं बोलतात!

एक दिवस तिनं भाकरी थापली आणि तवा सोडून ओट्यावर टाकली. मोतीबिंदू! एक डोळा पूर्वीच गेलेला, राहिला हा एकच. तालुक्याच्या दवाखान्यात ऑपरेशन झालं, दोन्ही पोरं हजर. दुसऱ्या दिवशी डॉक्टर म्हणाले, "आता पट्टी काढतो. पण महिनाभर वेळेवर थेंब पडले पाहिजेत. हयगय झाली तर हाही डोळा जाईल. तुमच्यापैकी एकानं आजींजवळ राहावं."

दोघं पडद्याबाहेर गेले. पडदा म्हणजे काय, कापडच! सोनाबाईला दिसत नव्हतं, ऐकू मात्र लख्ख येत होतं.

"दादा, तूच राहा. तुझी केवढी रजा पडलीय!"

"पडलीय? साठवलीय! रिटायर होताना तिचे पैसे मिळतात. आमच्या पोरीचं, सुलभाचं लग्न त्यात काढायचंय मला. तू राहा की!"

"मी महिना मागितला, तर साहेब म्हणेल, कायमचाच राहा घरी!"

"मग बाई ठेव. पॅकेज कशाला आहे?"

"आणि तुझी बिलं सरकार देतं ना? त्यात बसव बाई!"

वा! आईच्या डोळ्याचा लिलाव लागला मंडळी! पण लिलाव उलटा. बोली वर जाईना, जो तो खाली उतरतोय! जुनी पेन्शन निघाली, बोनस निघाला, टार्गेट निघालं. एकमेकांच्या साहेबांची आई काढून झाली! स्वतःची आई आत पडलीय, हे मात्र कुणाच्या तोंडी नाही!

इकडे सिस्टरनं पट्टी सोडली. डॉक्टरांनी हात पुढं केला. "आजी, बोटं किती?"

"तीन. बोटं झकास दिसतायत डॉक्टर. पोरं दिसत नाहीत."

सोनाबाईनं सिस्टरला हाक मारली. "बाई, ती बाटली दे गं इकडं. कशी धरायची ते सांग. माझं मी घालीन."

बाटली घेतली. पहिला थेंब कपाळावर, दुसरा नाकावर, तिसरा डोळ्याच्या कडेवरून सरळ गालावर.

तेवढ्यात दोघं आत आले. चेहरे कसे, तर गड जिंकल्यासारखे! "आई, ठरलं! एक आठवडा मी, एक आठवडा उमाकांत. पुढच्या महिन्यापासून!"

पुढच्या महिन्यापासून! औषध या महिन्याचं!

सोनाबाई दोघांकडे बघत राहिली. किती वर्षांनी चेहरे स्पष्ट दिसत होते! त्र्यंबकचे केस पांढरे झाले होते. उमाकांतची गालफडं बसली होती. माउलीनं दोघांना जवळ बोलावलं हो! एवढं ऐकूनही बोलावलं!

उमाकांत जवळ आला. "आई, रडतेस का गं?"

"नाही रे बाळा. औषध गळतंय."

...हसा ना मंडळी! आत्तापर्यंत हसत होतात, आता का थांबलात? औषधच होतं ते. ती म्हणाली म्हणजे औषधच!

आता सांगा, सुखी कोण? डावी बाजू खाली बघतेय. उजवी बाजू मोबाईल बघतेय. राहू द्या, उत्तर नको. आज मीच तुम्हाला रजा देतो. भरपगारी! ज्याच्या घरी म्हातारं माणूस औषधाच्या वेळेला दाराकडे कान लावून बसलं असेल, त्यानं आत्ता उठावं. आरतीला मी एकटा पुरे.

उठा की! कीर्तनातून उठलं म्हणून देव रागावत नाही.

अहो मृदंगवाले, तुम्ही कुठं निघालात? ...बरं, बरं. जा. सावकाश जा. आम्ही टाळांवर भागवतो.