उताराचा धूर

द्वारका चौकात वणीच्या बसची वाट बघत होतो. शेजारच्या बाकावर एक नवरा-बायको बसले होते आणि दोघांच्या मध्ये गोणपाटात गुंडाळलेलं त्यांच्या जीपच्या इंजिनाचं हेड.

"किती जपून धरलंय. लेकरू झोपलंय जणू," बायको म्हणाली.

"चेष्टा नको करू. सगळे व्हॉल्व्ह गाइड नवे टाकलेत."

"जुने झिजले होते का?"

"लय. व्हॉल्व्ह आत डुगडुगत होते. तिथूनच ऑइल खाली उतरायचं अन् जळायचं."

"मग मी काय म्हणत होते? गाडी चढाला धूर सोडत नाय, गडाचा घाट उतरून आल्यावर सोडते."

"म्हणत होती खरी."

"त्यावर तुम्ही काय म्हणाले होते?"

"जाऊ दे ना आता."

"सांगा की."

"तू चुलीचा धूर बघ, म्हणलो होतो."

"अन् पिस्टनच्या रिंगा बदलून आणल्या. धूर होता तसाच. गडावर जाणारी माणसं दुसऱ्याच्या जीपमधी बसायला लागली."

"मेस्त्रीपण आज तेच म्हणला. रिंगा गेल्या तर चढाला धूर, गाइड गेले तर उताराला. उताराचा धूर ज्यानं हेरला, तो जाणकार हाय म्हणे."

"मग तुम्ही काय सांगितलं?"

"पैसे दिले अन् हेड उचललं."

"वाटलंच मला."

त्याचा फोन वाजला.

"बोल मल्हारी. हां, झालं काम. गाइडच गेले होते. तुझी जीपपण धूर सोडती? मला नको विचारू. आमचं दुखणं तुझ्या वहिनीनं ओळखलं, तिलाच देतो."

"बोला भाऊजी. आधी सांगा, चढाला सोडते का उताराला?"