भट्टीचं दार

हाताने केलेली वस्तू हवी, पण उद्याच्या उद्या हवी, असं म्हणणाऱ्यांना लाज कशी वाटत नाही? हे मी तावातावाने सांगत फिरायचे, अगदी तोंडवलीला सायलीकडे जाईपर्यंत.

सायली माझी कॉलेजची मैत्रीण. नळीने तापलेली काच फुंकून भांडी घडवते. त्या दिवशी प्रदर्शनासाठी केलेला मोठा निळा वाडगा तिने मंद आचेच्या भट्टीत हळूहळू निवत ठेवला होता.

"उद्या सकाळपर्यंत दार उघडू नको हां," एवढं सांगून ती चहा करायला गेली.

मला फक्त एक फोटो हवा होता. दार वीतभर उघडलं, गार वारा आत शिरला आणि टक्! वाडगा आरपार तडकला.

आवाज ऐकून सायली कप घेऊनच आली. तडा बघून तिने भट्टीचं दार लावून घेतलं.

"शिवी तरी दे गो," मी रडवेली झाले.

"शिवी देवन काच जुळाची नाय. प्रदर्शनाक चार दिस आसत, उद्या दुसरो फुंकतंय. तू चाय घे."

दारात मासे घेऊन आलेली रत्नाकाकी सगळं बघत होती. ती सायलीकडे बोट करून मला म्हणाली, "घावण्यावरचा झाकण कोणी येळेआदी उघडल्यान, तर मी उलतन्यान हाणतंय. ह्यां चेडू तुका चाय दिता!"