बिनचूक पट्टा

काडतुसांचे पट्टे विकतो म्हणजे मी नक्की काय करतो, असं परवा तुम्ही विचारलंत. तर ऐका. अमेरिकेत काही हौशी मंडळी दीडशे वर्षांपूर्वीच्या घोडेस्वारांसारखी नटून जमतात. त्यांच्यासाठी जुन्या पद्धतीचे चामड्याचे पट्टे आम्ही हडपसरला शिवतो. शिवणारे कांबळे काका. खडकीच्या दारूगोळा कारखान्यात तीस वर्षं माल तपासायला होते.

एका नव्या गिऱ्हाइकाला नमुना पाठवला. पसंत पडला तर दोनशे पट्ट्यांची ऑर्डर मिळणार होती. पण पट्टा परत आला, सोबत चिठ्ठी: "हा हाताने शिवलेला वाटत नाही, मशिनचा वाटतो."

मी चक्रावलो. एकेक टाका काकांनी माझ्यासमोर हाताने घातला होता. काकांनी फूटपट्टी काढली आणि काडतुसांची पन्नासच्या पन्नास घरं सुतासुताने, म्हणजे इंचाच्या आठव्या भागापर्यंत, पुन्हा मोजली.

"चूक दाखवा, शेठ."

"चूक नाही, हीच तर तक्रार आहे."

"म्हणजे?"

"घरं थोडी लहानमोठी हवीत. टाका जरा वाकडा हवा."

"असला माल मी पास केला असता, तर मला घरी बसवलं असतं."

"अहो, पण त्यांना तसाच हवाय. नाहीतर ऑर्डर गेली समजा."

काकांनी फूटपट्टी खाली ठेवली. मला वाटलं, आता उठून जातात. पण त्यांनी चष्मा पुसला, वही उघडली आणि पेन्सिल माझ्या हातात दिली.

"ठीक आहे. चूक किती सुताची करायची, तेवढं लिहून द्या."