रस्ता आमच्या मळ्यातून न्या

भूसंपादन कचेरीत पुढच्या बाकावर दोन जावा बोलू लागल्या, तसं मागे बसलेल्या शिंपीकाकांनी मनातलं भजन थांबवलं.

"ताई, वाटणीत तो खडकाळ माळ माझ्या गळ्यात तुम्हीच मारलात ना?"

"मारला. तिथून हमरस्ता जाणार, हे मला काय स्वप्नात दिसलं होतं?"

"म्हणून रस्ता तुमच्या मळ्यातून वळवा, असा अर्ज?"

"मग? मोबदला तुलाच का मिळावा?"

"अहो, मळ्यात विहीर आहे. दोन्ही घरं तिच्यावरच. ती बुजली तर?"

"बुजू दे."

"आणि प्यायचं काय?"

"तहान सोसेन गं. तुझा बंगला नाही सोसायचा."

आतून पुकारा झाला. धाकटीने पाण्याची बाटली पुढे केली.

"घोटभर घ्या. घसा सुकलाय तुमचा."

थोरलीने अर्धी बाटली संपवली, आणि अर्ज घेऊन आत गेली.